भिंत हलते का

गावाचं नाव आयकिले.
आपल्या कानाला जुन्या ओवीतलं 'ऐकिले' वाटावं असं.
आणि डेलमिरा येते तीही ऐकायलाच,
सॅकमध्ये साबणाच्या वडीएवढं यंत्र,
एक वायर, काच तडकलेला फोन.
मोठं मशीन सुक्रेला. म्हणजे बसभाडं, एक मुक्काम,
आणि तीन महिन्यांनंतरची तारीख.

नेमेसिओ गवंडी. चाळीस वर्षं
माती, गवत, खेचराची लीद तुडवून विटा पाडल्या.
अर्ध्या गावाच्या भिंती त्याच्या हातच्या.
त्याच भिंतींच्या फटींतून रात्री किडे उतरायचे,
झोपलेल्या पोरांच्या पापणीपाशी रक्त पिऊन
गुपचूप परत.
सकाळी थोडी खाज. पुढची तीस वर्षं काहीच नाही.

"डाव्या कुशीवर व्हा, तायता."
जेल संपलंय. पहाटे तिने मक्याचं पीठ
मीठ घालून शिजवलं, बाटलीत भरलं.
ते गार लागतं. शेळी बाटली हुंगून जाते.

बरगड्यांच्या मधून आवाज आत शिरतो,
माणसाला ऐकू न येणारा,
आणि आपटून परत येतो.
काळ्या पडद्यावर करडं काहीतरी
उघडतं, मिटतं, उघडतं.
आधी ती फोन तिरका करते:
हा तडा काचेचा,
त्याचा नव्हे.
मग भिंतीचे सतरा तुकडे मोजते.
हा हलतो. हा हलतो. हा जरा आळशी.
टोकाशी येऊन थांबते.
बाकी सगळे आत येताना
तो एवढासा कोपरा
बाहेर जातो.

रिपोर्टसाठी ती शब्द शोधतेय
तोवर नेमेसिओ मान वळवून बघतो.
"पोट आलंय भिंतीला.
आतून ओल धरली की असंच होतं.
किती दिवस उभी राहील?"

हा प्रश्न आजवर लोक त्याला विचारायचे.
तो बुक्कीने ठोकून बघायचा
आणि खरं तेच सांगायचा.

डेलमिरा म्हणते, "चित्र पाठवते सुक्रेला.
टेकडीवर सिग्नल मिळतो."

तो सदऱ्याच्या टोकाने छातीवरची पेज पुसतो.
"आता हे तिथं लाव."
खाटेमागची भिंत.
ती हसते. मग लावते खरंच.
पडदा काळाभोर.
मातीतून आवाज परत येत नाही.

नेमेसिओ त्या काळ्याकडे बराच वेळ बघतो.
"हं," म्हणतो. "आहेत."