तेवीस मिनिटं

जुबैलला कॅम्पवरून प्लांटच्या गेटपर्यंत बस एकोणीस मिनिटं घेते.
इनासचं गाणं तेवीस मिनिटांचं.
म्हणजे गेले अकरा महिने मी रोज
गाणं संपायच्या चार मिनिटं अलीकडे उतरतोय.

खोलीवर ऐकता आलं असतं.
नाही ऐकलं.

वसईला ती चौघं पोरं केळीच्या वखारीत वाजवायची.
शब्द नाहीत गाण्याला. मधे नऊ मिनिटं
तेच चार सूर, तेच चार सूर,
आणि खालून ड्रम, साडेसहा मात्रांचा.
"सात धरलीस की पडलास," इनास म्हणायचा,
ताटाच्या कडेवर चमच्याने वाजवून दाखवायचा.
मी सातच धरायचो.
माझा पाय खाली येईतो गाणं पुढे गेलेलं.

इथे बाकी सगळं मोजून बसतं.
समुद्र आत येतो, मीठ वेगळं होतं,
तासातासाला मी दाब बघून वहीत लिहितो: नॉर्मल.
दहाचं नॉर्मल. अकराचं नॉर्मल. बाराचं
जेवण्याआधीच लिहून ठेवलेलं.

सुटल्यावर दाभोळला फोन.
जेवलास? जेवलो.
हुदा झोपली? झोपली.
आणि?
आणि काय, तेच.
मैमूनाच्या मागे आमचा पंखा टक टक करतो,
पाच वर्षांपूर्वीच्या सुट्टीत
मी दुरुस्त करणार होतो तो.

मार्चात इनासचं फायनल एक्झिट लागलं.
इस्त्री मला दिली. पेनड्राइव्ह मला दिला.
हात मिळवायचा की मिठी मारायची
यात दोघांचंही चुकलं,
माझं नाक त्याच्या खांद्यावर आपटलं.
तेवढ्यात बस आली.
इथली बस वेळेवर येते.

काल शमाल सुटला.
गुलजमानने बस कडेला घेतली, दिवे लावून बसून राहिला.
रस्ता पिवळा, आभाळ पिवळं,
पुढच्या सीटवरचा माणूस सुपरवायझरला कळवत होता, लेट, लेट.
माझ्या कानात विसावं मिनिट लागलं.

गिटार थांबली.
चार सुरांतला एक गळला, मग दुसरा,
ड्रम एकटाच चालू राहिला,
पाहुणा गेल्यावर माणूस घर आवरत राहतो तसा.
मग तोही नाही.
मग नुसती वखार:
खुर्ची सरकली, बाहेर कुत्रं,
कुणीतरी खोकलं,
आणि इनासचा आवाज, लांबून, अजून मिसरूडही न फुटलेला,
"झालं?"

कुणी उत्तर दिलं नाही.
काचेवर वाळू घासत होती.

रात्री मैमूना म्हणाली, आणि?
मी तेच म्हणणार होतो.
जीभ उचलेपर्यंत वेळ पुढे गेलेली.
हॅलो, ती म्हणाली,
हॅलो, ऐकू येतंय का,
रेंज गेली वाटतं,
आणि मागे पंखा टक टक करत होता
आणि मी मोजत होतो.
साधा चारचाच होता.