एक बादली, बावीस गाड्या

सुखटणकरांची गाडी काळी.
म्हणजे कागदावर काळी.
टॉर्च मारला तर बॉनेटभर जाळं,
कोळ्याने रात्र जागून विणावं तसं,
बरोब्बर उजेडाभोवती गोल.
टॉर्च डावीकडे नेला, जाळं डावीकडे आलं.
ते दचकले. "चालतंय की काय हे?"

चालत नाही, साहेब.
ओरखडे सगळीकडेच आहेत, वाटेल तसे.
जे उजेडाला आडवे जातात तेवढेच चमकतात,
आणि आपल्याला वाटतं, कुणी गोल काढलेत.
पांढऱ्या गाडीवरही असतात.
पांढरी बोलत नाही.

"आमच्या धाकूचं काम," ते म्हणाले,
"धाकू गोताड. अकरा वर्षं होता. काढून टाकला."

धाकू गोताडला मी ओळखत नाही.
बादली ओळखतो.
पहाटे साडेचारला, बेसमेंटमध्ये,
पहिल्या गाडीला पाणी पाणीच असतं.
पाचव्या गाडीला चहा.
बाराव्या गाडीपर्यंत
समोरच्या बांधकामाची अख्खी धूळ तळाशी बसते,
बोटांना रेतीसारखी लागते,
आणि फडकं म्हणजे आपलीच फाटकी बनियन.
बाविसावी कोरडीच पुसायची,
साहेब खाली यायच्या आत, जोर लावून.
जोर म्हणजे इमान, असं वाटायचं.
प्रभादेवीला पाच वर्षं मी तोच जोर लावला,
गाडीमागे महिना साडेतीनशे.
पुसणं म्हणजे घासणं, हे कुणी सांगितलं नाही.

सुखटणकरांना यातलं काही बोललो नाही.
म्हटलं, बारा हजार. दोन दिवस.

रे रोडच्या गाळ्यात गाडी घेतली.
धुतली, दोन बादल्यांनी.
प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून फिरवला,
पिशवीतून खडबड जास्त कळते,
उघड्या हाताला इतकी कळत नाही.
क्लेची वडी फिरवली. कडांना निळी टेप.
गेज लावलं. छत एकशे तीस मायक्रॉन.
डावं दार अठ्ठ्याऐंशी.
म्हणजे आधी कुणीतरी इथे हात मारून गेलंय.
तिथे जपून.

मशीन सुरू केलं तसा ओवेस ओरडून विचारतो
(नवा आहे, तिसरा आठवडा),
"उस्ताद, कंपाउंड ओरखड्यात भरतं ना?"

भरत नाही रे.
ओरखडा जिथे आहे तिथेच असतो.
आपण आजूबाजूचं सगळं
त्याच्या तळापर्यंत खाली आणतो.
मग तो दिसत नाही,
कारण त्याच्या वर कुणी राहत नाही.

"असं किती वेळा करायचं?"

थर आहे तोवर.
आणि घाम पूस, पॅडवर पडतोय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टॉर्च मारला.
बॉनेटमध्ये पत्र्याचं छप्पर,
ट्यूबलाइट, ट्यूबलाइटमागची मेलेली पाल,
आणि मी, खालून, नाकपुड्यांसकट.
एक ओरखडा राहिला, हँडलजवळ. नख अडकतं त्यात.
तो सोडला.
त्याच्यापर्यंत खाली गेलो असतो
तर रंग उरला नसता.

रविवारी ताडदेवला गाडी पोचवली.
सुखटणकर एकदा फिरले भोवती,
दारात वाकून केस नीट केले,
पैसे दिले. त्यांना हँडल दिसलं नाही.

निघालो तर नवा पोरगा आला धावत.
बॉनेटवर बदामाचं वाळकं पान पडलं होतं,
आणि त्याच्या खांद्यावर फडकं.
मनगट धरलं त्याचं.
घाबरला, मग हसला.
माझी दोन मऊ फडकी दिली त्याला, म्हटलं,
कोरडं लावू नकोस. जोर नको.
आणि दर दोन गाड्यांनी पाणी बदल.

तो बादलीत बघत राहिला.
म्हणाला, "कुठून बदलू, दादा?
नळ सातला सोडतात."