नाही आणि नाही

शुक्रवारी, समुद्र गोठला नसेल तर,
आब्रुका बेटावरून होडी येते.
एनोच्या कोटाच्या आतल्या खिशात
तंबाखूची डबी, डबीत माझ्या भावाचा पेन ड्राइव्ह.
एनो म्हणतो, ह्याला वजनच नाही, भाडं कशाचं घेऊ?
मी त्याला अर्धा काळा पाव देते, शहाजिरं घातलेला.

इकडे कुरेसारेत माझा विकी.
विहिरी, सफरचंदाची कलमं, कोणाची गाय कधी व्याली;
एका शब्दावर बोट ठेवावं, दुसरं पान उघडतं.
तिकडे युलोकडे नुसत्या साध्या फाइली.
रंग नाही, ठळक काही नाही.
मी ज्याला दुवा म्हणते
ते त्याच्याकडे शब्दाला दोन्ही बाजूंनी लागलेले चौकोनी कंस,
गर्दीत कुणी दंड धरून ठेवावा तसे.
तो म्हणतो, ही खारवलेली मासळी आहे, हेल्वे.
तुझा विकी उद्या मेला तरी ही वाचता येईल,
कशावरही, मेणबत्तीवरसुद्धा.
(मेणबत्तीवर कशी, ते मी विचारलं नाही.)

सुरुवातीला त्याच्या जुन्या मशीनवरून येताना
ओच्या डोक्यावरची छोटी लाट वाटेतच विरायची.
आमच्या भाषेतल्या सफरचंदाच्या तोंडाशीच
प्रश्नचिन्ह बसलेलं असायचं, अळीसारखं.
एक अख्खा हिवाळा मी अळ्या वेचल्या.

आता स्क्रिप्ट आहे, तार्तूच्या भाचीने लिहून दिलेली.
जिची तारीख नंतरची, ती ओळ खरी.
दोन्हीकडे बदल असेल तर थांबते, विचारते,
मास्तरणीसारखी चष्म्यावरून बघते.
आईच्या विहिरीला मी अकरा पायऱ्या लिहिल्या, त्याने बारा.
मी दोन्ही ठेवल्या.
पाणी वरखाली होतंच.

पण परवा
त्याच्या बाजूच्या नोंदवहीत एक ओळ दिसली:
इसा. आमच्याकडे बापाला म्हणतात.
तयार केली मंगळवारी रात्री अकरा चाळीसला.
तीन हजार दोनशे बारा अक्षरं.
पुसली बुधवारी पहाटे पाच दहाला.

माझ्या विकीत हा शब्द तेवीस पानांवर येतो
आणि तेवीसही ठिकाणी लाल.
लाल म्हणजे पान नाही, हवं तर लिही.
मी काय लिहू? तो ट्रॉलरवर गेला
आणि कुठल्याशा बंदरात उतरून राहिला,
तेव्हा मी आईच्या पोटात होते.
युलो नऊ वर्षांचा. त्याला आवाज आठवतो,
बूट आठवतात, आणखी काय काय, ते तो सांगत नाही.

स्क्रिप्टने दोन्ही बाजू तपासल्या.
तिथे नाही. इथे नाही.
खाली हिरव्या अक्षरांत लिहिलं: जुळलं.

तिचं काही चुकलं नाही.
नाही आणि नाही, ह्यात तिला काय फरक दिसणार?
त्याचं नाही साडेपाच तास जागून आलेलं,
माझं जन्मापासून कोरं पडलेलं.
वजाबाकी केली तर शून्यच.

रात्री मी लाल शब्दावर बोट ठेवलं.
पान उघडलं, कर्सर लुकलुकत राहिला,
बंदराच्या टोकावरल्या दिव्यासारखा, घाई नसलेला.
मी एवढंच लिहिलं:
त्याचे हात कसे होते?
जतन केलं.
तेवीस ठिकाणचा लाल एकदम निळा झाला,
आणि मला उगाच अपराधी वाटलं,
जणू माझ्याकडे काही असल्याची थाप मारली.

आज रोमासारे धक्क्याशी कडेकडेने बर्फ धरलाय,
पातळ, बशीच्या कडेवरल्या सायीएवढा.
एनो म्हणतो, आजची फेरी होईल, पुढचीचं सांगत नाही.
उत्तर आलं तर मार्चात येईल.
किंवा त्याची तारीख नंतरची असेल,
फाइल रिकामी असेल,
आणि स्क्रिप्ट तीच खरी मानेल.

मी डबीचं झाकण दोनदा दाबून पाहिलं.