वस्तू, देश, किंमत

डिमेलो टीचरनी तीन रकाने आखून दिलेत:
वस्तू, देश, किंमत.
शिवडीच्या आमच्या दीड खोलीत तन्मयी
हरवलेली पावती शोधावी तशी
एकेक डबा उपडा करून
त्याचा तळ वाचत फिरतेय.

पंखा चीन. टॉर्चही चीन.
तेलाच्या पिशवीवर मुंगीएवढ्या अक्षरात पाम,
म्हणजे इंडोनेशिया.
तूरडाळ?
लिही मोझांबिक, मी म्हणतो,
गेल्या महिन्यात बाराशे पोती मोजली मी.
"झ ला काना ना?"
हिंगाची डबी हुंगून सुलभा म्हणते, हा तरी आपला!
कसला आपला,
अफगाण डोंगरातून आला
आणि इथे येऊन मैद्यात मिसळला.

आज सुलभाची एकादशी.
मी बोलायला नको होतं. बोललो.
बटाटा, मिरची, शेंगदाणा,
साबुदाणा ज्याचा होतो तो कंदसुद्धा
सगळे मूळचे सातासमुद्रापलीकडचे,
फिरंग्यांच्या गलबतांतून उतरले
आणि थेट सोवळ्यात जाऊन बसले.
बटाटा हा शब्दही त्यांचाच.

सुलभाचा घास हातातच.
"मग मोडला का माझा उपास?"
"नाही गं," तन्मयी मान वर न करता,
"लांबचा झाला."

मग विचारते, आपण काय पाठवतो?
कांदा, मी म्हणतो. द्राक्षं. शर्ट.
मागच्या गल्लीत अन्सारींच्या माळ्यावर
शिवतात त्या पर्सा,
ज्यांच्यावर नाव मात्र इटलीचं.

ती लिहिते. लिहिते.
आणि दहाव्या ओळीत, कुणाला न विचारता:
विलासकाका. कतार.

"अगं, काका काय वस्तू आहे?"
"पण पाठवलाय ना?
आणि बदल्यात फ्रिज आलाय ना?"

फ्रिज तेवढ्यात घरघरला.
आम्ही दोघं तिकडेच बघत राहिलो.
किमतीचा रकाना तिने कोरा सोडला.

वही परत आली. दहापैकी नऊ.
काकाभोवती लाल गोल.

मी गोदीतला टॅली क्लार्क,
एकवीस वर्षं
आत काय आहे ते न बघता खोके मोजतोय.
रात्री ती झोपल्यावर
सवयीने खिशातलं पेन काढलं
आणि कोऱ्या रकान्यात, बारीक अक्षरात, लिहिलं:
रवाना.
पोच बाकी.