उजगऱ्यांचे हात

चेहरा मधुसूदन केरकरांचा.
आवाजही त्यांचाच, सर्दी नसेल त्या दिवशी.
हात माझे.

मत्राच्या सूकात हे कुणाला सांगून पटायचं नाही.
इथे मी घड्याळवाला मुनाफ,
लोबानवाला आणि खंजीरवाला यांच्यामध्ये
अडीच हातांचा गाळा,
डोळ्याला भिंग,
समोर कुणाची तरी बंद पडलेली वेळ.

केरकरांचे हात थरथरायचे.
दारू नव्हे, लोक म्हणत तसलं काही नव्हे,
त्यांच्या आईचेही तसेच होते म्हणे.
म्हणून बत्तीस भाग गुप्तहेर उजगरे
कुलपं उघडत राहिले,
राखेतून चिठ्ठीचा तुकडा चिमट्याने उचलत राहिले,
आणि मी त्यांच्या खुर्चीमागे उकिडवा,
त्यांच्या कोटाच्या बाह्यांत माझे हात,
नाक त्यांच्या बरगडीशी.
दुपारी त्यांनी कांदा खाल्लाय हे
गुन्हेगाराआधी मला कळायचं.

सगळ्या खुनांना बंगला एकच होता,
पडदे तेवढे बदलायचे.
नवव्या भागात प्रेत शिंकलं,
ती शिंक मोलकरणीच्या हुंदक्यात मुरवून टाकली.
आणि शेवटी, उलगडा झाला की
उजगरे बोलायचे नाहीत,
पेनाला टोपण लावायचे. टक्.
त्या पेनाला आवाजच नव्हता.
ते झाकण माझ्या खिशातल्या घड्याळाचं,
दाभोळच्या आजाचं,
जो बोटीवर होता आणि बोटीवरच राहिला.

मालिका संपली. नुसत्या हातांना कोण काम देतो?
मामूने व्हिसा पाठवला.

काल रुवीच्या हॉलमध्ये
मंडळाची प्रश्नमंजूषा, विषय जुन्या मालिका.
भिंतीवर उजगरे, खाली बटाटेवडे.
प्रश्न: सोळाव्या भागात ते तिजोरी
डाव्या हाताने का उघडतात?
कुणी म्हणालं, चूक.
बँकेतले कुलथे उभे राहिले,
म्हणाले, चोर डावखुरा होता,
उजगरे चोराच्या हाताने विचार करत होते.
टाळ्या. कार्डावरही हेच होतं.

माझा उजवा अंगठा आदल्या रात्री
टॅक्सीच्या दारात चेचला होता.
पेडणेकरबाई दिग्दर्शन करायच्या,
अंगठा बघून म्हणाल्या, डावा आहे ना?
एवढंच.
नख गेलं, परत आलं ते मधोमध रेघ घेऊन.
सतराव्या भागापासून ती रेघ पडद्यावर आहे,
कुणीही बघावी.
कुणी बघितली नाही.

मीही उठलो नाही.
केरकर जाऊन अकरा वर्षं झाली.
मेलेल्या माणसाचे हात
कसे काढून घ्यायचे परत?

मग कुणाचा तरी लॅपटॉप अडकला
आणि चित्र थांबलं.
भिंतभर माझा अंगठा.
कुलथ्यांचा धाकटा, दहा-अकराचा,
गुण मांडायला बसवलेला,
त्याने भिंतीकडे पाहिलं,
माझ्या ताटलीकडे,
पुन्हा भिंतीकडे.
उठून आला.
"काका, किती वाजले?"

त्याच्या डोक्यावरच परातीएवढं घड्याळ होतं.
चालू होतं, वेळ बरोबर होती,
माझ्यासारख्याने ते पाहिलं नसेल का?
तरी मी मनगट पुढे केलं.
तरी उजव्या अंगठ्याने बाही मागे सारली,
लागते त्यापेक्षा जरा सावकाश.

"पावणेनऊ," मी म्हणालो.
तो घड्याळ बघतच नव्हता.

वडिलांकडे वळला नाही, ओरडला नाही,
वहीत काही लिहिलं नाही.
माझ्या डोळ्यांत बघत
त्याने पेनाला टोपण लावलं.

स्वस्तातलं प्लॅस्टिकचं पेन,
आवाज कुठला यायला.

माझा हात खिशात गेलाच होता.

टक्.