चार रकाने

विल्निअसमध्ये, बूट-दुरुस्तीच्या दुकानाखाली
यादविगाने एक जुना लॅपटॉप झाकण मिटून चालू ठेवलाय.
आत मिन्स्कमधल्या कैद्यांची यादी,
कुणाला कुठलं औषध पोचलं नाही, त्याची नोंद.

पत्ता छप्पन्न अक्षरांचा, शेवटचं नेहमी डी.
पाठ होत नाही, तेच बरं.

सर्व्हर बोलतो फक्त स्वतःशी.
घड्याळ ग्रिनिचवर.
फोटोंमधून जागा, तारीख, कॅमेरा खरवडून काढलेले.
किल्लीची प्रत बार्लीच्या डब्यात, तळाशी.
नाव, गाव, फळ, फूल:
चारही रकाने कोरे.

परवा रात्री सहज
नसलेलं पान मागून पाहिलं तिने.
‘सापडत नाही’च्या खाली, बारीक अक्षरांत,
यंत्राने नाव सांगितलं आपलं:
झोर्का.

आईची गाय.
कपाळावर चांदणी, डावं शिंग मोडकं.
तिकडे गोठ्यागोठ्यात झोर्का असतात,
पण यंत्राला हे नाव देणारी
अख्ख्या कॉलेजात एकच होती.

तिने नाव पुसलं.
पुन्हा तेच पान मागितलं.
आता नुसतंच, सापडत नाही.

वरचा म्हातारा खिळे ठोकत होता अजून.
दोन ठोक्यांच्या मध्ये
ती हळूच म्हणाली, झोर्का,
आणि डब्याचं झाकण घट्ट केलं.