दीड फूट

डिचोलीच्या बसस्टँडामागं, टायरच्या दुकानावर,
लिफ्ट नसलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर
नवीन उघडलंय ते. तासाला अडीचशे.
मोजे सक्तीचे. घरचे विसरलात तर साठ रुपयांना जोडी,
तळव्याला रबरी ठिपके असलेली.
मी विसरतो. दर रविवारी विसरतो.
कपाटात विहंगचे आता नऊ जोड आहेत, सगळे तसलेच.

काचेच्या अलीकडे आम्हा पालकांचा बाक.
जॅसिंताला चहा हवा असतो, गरम,
आणि तो गरम असतानाच प्यायचा असतो.
ती म्हणते, तीन वर्षं झाली.
इम्तियाज प्लग शोधत भिंतीला हात लावत फिरतो.
केरकरांच्या सुनेला नुसते डोळे मिटायचे असतात,
मिटलेले दिसू नयेत म्हणून मांडीवर पुस्तक,
गेले तीन रविवार तेच पान.
कुणी विचारतं, चेंडू धुता ना?
कुणी विचारतं, त्या कोपऱ्यात कॅमेरा?
एक नवखा बाप म्हणाला, आमच्या वेळी असलं काही नव्हतं,
आम्ही काजूवर चढायचो,
आणि सगळ्यांनी मान हलवली, आपापल्या फोनकडे बघत.
मी नाही हलवली.

आमच्या वेळी खंदक होता.
खनिज काढून झालं, पंप बंद झाले,
आणि इतकी वर्षं उपसून फेकलेलं पाणी
मुकाट्यानं परत आलं. हिरवं, गुळगुळीत,
काठाला लाल.
कुंपण होतं. म्हणजे खांब होते.
सगुण मळीक, माझ्या शेजारी बसायचा वर्गात.
चपला काठावर जोडून ठेवल्या होत्या त्यानं,
देवळाबाहेर ठेवतात तशा, टाचा एका रेषेत.
खोली किती, कुणालाच सांगता येईना.
दोरीला दगड बांधून सोडला.
दोरी संपली.

पुढं त्याच कंपनीच्या काट्यावर मी कारकून झालो.
अकरा वर्षं भरलेले ट्रक तोलले, रिकामे तोलले,
वजाबाकी वहीत लिहिली.
त्या खड्ड्यातून किती टन वर आलं
ते झोपेतून उठवलंत तरी सांगेन.

म्हणून पहिल्या दिवशी, पैसे द्यायच्या आधी,
काउंटरवरच्या मुलीला विचारलं
(सानिशा, बिल्ल्यावर नाव होतं),
तो चेंडूंचा खड्डा, किती खोल?
ती हसली. "दीड फूट, काका."
मी बाही वर सारली, वाकलो, हात घातला
निळ्यापिवळ्या, पोकळ, बिनवजनाच्या राशीत.
मनगट. कोपर. कोपराच्या जरा वर.
आणि तळ लागला.
रेक्झिनचा, किंचित दमट, बिस्किटाच्या चुऱ्याचा तळ.
हात तसाच ठेवला थोडा वेळ.
मागं दोन पोरं खोळंबून उभी होती.

विहंग पिवळ्या पायरीवरून उडी मारतो
आणि दिसेनासा होतो.
मी मोजतो. एक. दोन.
अजून कधी तीन म्हणावं लागलेलं नाही.
वर येतो, केस उभे, एक मोजा गायब,
आणि तक्रार करतो, बाबा, इथं पडलं तरी लागतच नाही!
मी म्हणतो, हं.
याहून बरं उत्तर मला सुचलेलं नाही.

निघताना सानिशा कागद पुढं करते:
पालक म्हणून आपल्याला इथं काय हवं?
खाली तीन रेघा, दोरीला बांधलेलं पेन.
मी लिहितो, चहा गरम असावा.

जिन्याजवळ पाटी आहे, चपला नीट ठेवाव्यात.
विहंगची एक कचऱ्याच्या डब्याला टेकून,
दुसरी पार तिकडं, उलटी, कुणाच्या तरी बुटात शिरलेली.
सगळे पालक ओरडतात यावरून.
मी दोन्ही शोधतो, वाकून,
आणि त्याला काही म्हणजे काही बोलत नाही.